पुढच्या मालकाची गाडी

आपल्याकडचा मध्यमवर्गीय माणूस गाडी घेतो ती स्वतःसाठी नव्हे, पुढच्या मालकासाठी. हा पुढचा मालक कोण, कुठला, कधी येणार, कुणालाच ठाऊक नसतं. पण त्याच्या आवडीनिवडी घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतात. त्याला पांढरा रंग लागतो, फार तर चंदेरी. दारावरचा ओरखडा त्याला खपत नाही. सिगारेटचा वास सोसत नाही, आणि मागच्या सीटवर कुणी वडापाव खाल्ला होता हे त्याला म्हणे कित्येक वर्षांनंतरही कळतं. त्याच्यासाठी आपण सीटवरचं प्लास्टिक दिवाळीपर्यंत ठेवतो. दिवाळी झाली की गुढीपाडव्यापर्यंत. पाठ घामाने चिकटते, उतरताना चर्रकन आवाज येतो, पण सीट कोरी राहते. मग एके दिवशी ‘सिंगल ओनर, कंपनी मेंटेन्ड, डॉक्टर यूज्ड’ अशी जाहिरात जाते. (आमच्या घरात डॉक्टर नाही. मेहुणा गुरांचा डॉक्टर आहे, तो एकदा शेजारच्या सीटवर बसला होता.) आणि ज्याच्यासाठी एवढं व्रत केलं तो गृहस्थ येतो, टायरवर बूट आपटतो, “बॅटरी गेलीये” म्हणत पंधरा हजार कमी करतो आणि गाडी घेऊन जातो. जाताना त्याच्या हातात अर्धा वडापाव असतो.

अशा घराण्यातल्या माणसाने टोकियो ऑटो सलॉन या फेरफार केलेल्या गाड्यांच्या प्रदर्शनाला जाऊ नये. मी गेलो, कारण भाचा तिकडे असतो, जानेवारीत विमानाचं तिकीट स्वस्त होतं, आणि जपानमध्ये चेरीची फुलं नसताना जानेवारीत काय बघायचं या प्रश्नावर त्याच्याकडे हे एकच उत्तर तयार होतं.

भाचा निशी-कासाईला राहतो. टोकियोच्या पूर्वेला एदोगावा भागातली ही वस्ती. आयटीतले इतके भारतीय इथे राहतात, की संध्याकाळी फिरायला बाहेर पडलं तर मागून “अगं, कढीपत्ता राहिला” असं स्वच्छ मराठीत ऐकू येतं. भाच्याला गाड्यांचं भयंकर वेड, पण गाडी नाही. कारण जपानमध्ये गाडी घ्यायची तर ती उभी करायला जागा आहे, असा दाखला आधी पोलिसांकडून आणावा लागतो. आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. म्हणजे आधी जागा, मग गाडी. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. हा नियम पुण्यात लागू झाला तर सदाशिव पेठेत फक्त सायकली उरतील, त्याही जिन्याखाली.

“मग तू गाडीचं वेड भागवतोस कसं?”

“बघून,” भाचा म्हणाला.

बघायला निघालो ते बसने कासाई-रिन्काई-कोएन स्टेशनला, आणि तिथून केइयो लाइनच्या गाडीत. डब्यात दोन पंथ सरळ दिसत होते. एका पंथाच्या डोक्यावर उंदराचे कान होते, दुसऱ्याच्या जाकिटावर टायर कंपन्यांची नावं. पुढचंच स्टेशन माइहामा, म्हणजे टोकियो डिस्नेलँड. कानवाले सगळे उतरले. बायकोने त्यांच्याकडे खिडकीतून मान वळेपर्यंत पाहिलं. “अहो, आपण यांच्यातले नाही का?” असं ती विचारते आहे तोवर दारं बंद झाली, आणि डब्यात फक्त टायरवाले आणि आम्ही उरलो.

काइहिन-माकुहारी स्टेशनला उतरलं, की गर्दीच तुम्हाला माकुहारी मेस्से या प्रदर्शन-केंद्रापर्यंत नेते. समुद्र जवळ, जानेवारीचं वारं मफलरच्या आत शिरून चौकशी करतं. आत शिरायला रांग. रांगेत आमच्या पुढे निळ्या केसांचा, नाकात वाळी घातलेला, पाठीवर कवटी रंगवलेला एक तरुण. आपल्याकडे असला इसम रांगेच्या आसपास दिसला, तर तो रांग मोडायला आलाय असं लोक धरून चालतात. हा पुढच्या माणसापासून बेताचं अंतर राखून उभा होता. कॉफीचा रिकामा डबा टाकायला जवळपास कचरापेटी नव्हती (जपानमध्ये ती कधीच नसते), तर त्याने तो डबा जाकिटाच्या खिशात ठेवला आणि खिशाची चेन लावली. कवटीच्या चेहऱ्यावर मला कौतुक दिसलं.

हे प्रदर्शन सुरू झालं १९८३ साली, ‘टोकियो एक्सायटिंग कार शो’ या नावाने. ‘ऑप्शन’ नावाचं, गाडीत नको ते बदल कसे करावेत हे शिकवणारं मासिक होतं; त्याचे संपादक दाइजिरो इनादा यांचा हा उद्योग. तेव्हा गाडीत फेरफार करणं म्हणजे कायद्याच्या नजरेत जवळजवळ उनाडपणाच. सलॉन हे सभ्य नाव मिळालं १९८७ साली. पुढे १९९५ मध्ये सरकारने नियम सैल केले, आणि आता असं झालंय की ज्या कंपन्यांच्या गाड्या ही पोरं कापायची, त्याच टोयोटा, निस्सान, होंडा, सुझुकी इथे सर्वांत मोठा मंडप घालून बसतात. तीन दिवसांत दोन लाखांवर माणूस येतो. टोयोटाचे अध्यक्ष अकिओ तोयोदा यांनी २०२३ साली याच मंचावर ऐंशीच्या दशकातली ‘एई ८६’ ही जुनी छोटी गाडी आणली होती: एक हायड्रोजनवर चालणारी, एक विजेवर. ही ती गाडी, जिच्यातून ‘इनिशियल डी’ या जपानी चित्रकथेतला पोरगा डोंगरउतारावर टोफू पोचवतो. आपल्याकडे दूधवाल्याच्या एम-एटीला अजून हा मान मिळालेला नाही.

आता आतलं. आत शिरल्यावर डाव्या हाताला जी पहिली गाडी दिसली, ती मला अपघातातली वाटली. मागची चाकं वरून आत कललेली, खालून बाहेर फाकलेली. टायर जमिनीला टेकलेला फक्त आतल्या चार बोटांवर. आमच्या कोपऱ्यावरचा मिस्त्री ही गाडी बघून रिंच खाली ठेवेल आणि म्हणेल, “साहेब, टायर खातेय.” इथे तसं करायला लोक पैसे देतात. आणि गाडी इतकी खाली, की बंपरखालून वर्तमानपत्रही जाणार नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीला जमिनीपासून किमान नऊ सेंटिमीटर अंतर हवं, असा जपानचा नियम आहे, आणि रस्त्यावरच्या गाड्या त्या नऊ सेंटिमीटरला मिलिमीटरच्या हिशेबाने चिकटून असतात. मी मनात ही गाडी आमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत आणली. फाटकापाशी दोन गतिरोधक आहेत. दुसरा अध्यक्षांनी निवडणुकीच्या वर्षात घातला. गाडी पहिल्यावरच अडकली, आणि वॉचमनने तिच्यावर ओले कपडे वाळत घातले.

“मामा, हे बघ.” भाच्याने मोबाइल पुढे केला. “लिबर्टी वॉक. नागोयाजवळचे. यांनी एफ-४० कापली.”

फेरारी एफ-४० म्हणजे कंपनीच्या चाळिसाव्या वर्षाची, १९८७ सालची गाडी. एन्झो फेरारी हयात असताना आलेली शेवटची. जगात तेराशेच्या आसपास बनल्या. हे मला माहीत होतं, कारण लहानपणी तिचं पोस्टर आमच्या कपाटाच्या आतल्या बाजूला होतं. बाहेरच्या बाजूला गणपती.

“कापली म्हणजे?”

“कापली म्हणजे कापली. मडगार्डं. कटर लावून. आणि वरून ही रुंद मडगार्डं बसवली. २०२३ ला इथेच मांडली होती.”

“खरी एफ-४०?”

“खरी.”

“मग पुढे ती घेणार कोण?”

भाच्याने माझ्याकडे, ज्या माणसाच्या मांडीवर तो लहानाचा मोठा झाला त्याच्याकडे, अनोळखी नजरेने पाहिलं. “मामा, विकायची नाहीये.”

हे वाक्य मी गाडीच्या संदर्भात आयुष्यात प्रथमच ऐकलं. विकायची नाहीये! म्हणजे वातारू कातो नावाच्या गृहस्थांनी, या लिबर्टी वॉकच्या मालकांनी, गाडी घेतली आणि ती त्यांची झाली? इतकं सोपं असतं ते?

त्यांच्या मंडपात उभ्या असलेल्या एका गाडीशी मी गुडघे टेकून बसलो. मडगार्डाच्या कडेने बोल्ट मारलेले होते, लपवायचा कसलाही प्रयत्न न करता, ओळीने. बोटभर अंतरावर एकेक. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यात षटकोनी खाच, आणि त्या सगळ्या खाचांचं एक टोक वर. म्हणजे कुणीतरी कोट्यवधींची गाडी ग्राइंडरने कापली होती, आणि मग बसून, पाना अर्धा अर्धा फिरवत, सगळे बोल्ट एका तोंडाने लावले होते. दांडगाई आणि टापटीप एकाच माणसात इतक्या सुखाने नांदताना मी पाहिली नव्हती. आमच्याकडे दांडगाई करणारे वेगळे आणि टापटीप करणारे वेगळे, आणि दोघांचं सोसायटीच्या वार्षिक सभेत भांडण.

तशीच दुसरी असामी म्हणजे काझुहिको नागाता. सोनेरी रंगाच्या गाड्यांसाठी प्रसिद्ध. यांनी १९९८ साली आपली सुप्रा इंग्लंडला नेली आणि तिथल्या हमरस्त्यावर ताशी ३१७ किलोमीटरने हाणली म्हणतात. पोलिसांनी पकडून कोठडीत टाकलं. त्यांच्या कंपनीचं नाव ‘टॉप सीक्रेट’. आणि हा सगळा प्रकार त्यांनी व्हिडिओवाले सोबत ठेवून केला होता.

एव्हाना बायको दिसेनाशी झाली होती. ती सुझुकीच्या मंडपात सापडली. एका हिरव्या, उंच, चौकोनी गाडीच्या दारावर ती बोटाच्या पेराने टकटक करत होती आणि कान देऊन ऐकत होती. पत्रा बघणं हा मराठी माणसाचा गाडी-परीक्षेतला पहिला पेपर, मायलेज दुसरा. “पत्रा बरा आहे,” तिने निकाल दिला. तेवढ्यात हातमोजे घातलेली एक मुलगी धावत आली, कमरेत वाकली, गाडीवर मऊ फडकं फिरवून बोटाचा ठसा पुसला, पुन्हा वाकली आणि मागे जाऊन उभी राहिली. बायकोने सौजन्य म्हणून दुसऱ्या दारावर टकटक केली. मुलगी पुन्हा आली.

“मामी, ही आपलीच गाडी आहे,” भाचा म्हणाला. आणि ते खरं होतं. पाच दारांची जिम्नी. जपानमध्ये तिला नोमादो म्हणतात, आणि ती बनते गुरुग्रामला. २०२५ च्या जानेवारीत सुझुकीने ती जपानमध्ये जाहीर केली, महिन्याला बाराशे विकाव्यात असा बेत होता, आणि चार दिवसांत पन्नास हजार लोकांनी नोंदणी केली. कंपनीने घाबरून नोंदणीच बंद केली. जी गाडी आपल्याकडे शोरूममध्ये “सर, डिस्काउंट बघू” म्हणत उभी असायची, तिच्यासाठी इथे लोक ताटकळत बसलेत. बायको ताठ झाली. तिसऱ्या दारावर तिने ज्या अधिकाराने टकटक केली, तो गुरुग्राम कारखान्याच्या व्यवस्थापकालाही शोभला असता.

पलीकडे केई गाड्या होत्या. ६६० सीसीचं इंजिन, लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८, याहून एक बोट जास्त चालत नाही. त्यातले छोटे मालवाहू ट्रक शेतकरी भाजीसाठी वापरतात, पण इथे एकाच्या हौद्यात लाकडी झोपडी, खिडकीला पडदे. दुसरा एवढाल्या टायरांवर चढवलेला. तोंडवळा ओळखीचा. आपली मारुती व्हॅन याच गोतावळ्यातली, आणि मारुती ८०० ही सुझुकीच्या आल्टोचीच बहीण. ती आली १९८३ च्या डिसेंबरात. हे लक्षात आल्यावर मी एका झोपडीवाल्या ट्रकशेजारी थबकलो. ज्या वर्षी यांनी गाडीचं आणखी काय काय करता येईल याचं प्रदर्शन भरवलं, त्याच वर्षी आमच्याकडे गाडीला नंबर लागेल का, याची वाट बघणं चालू होतं. त्याआधी स्कूटरला तर वर्षानुवर्षं. आकुर्डीत बनणारी चेतक चिंचवडच्या माणसाला दहा-दहा वर्षं मिळत नसे. आणि मिळाली की दुसऱ्या दिवशी ‘ऑन’ घेऊन, नव्या किमतीहून जास्तीला विकता येत असे. माझ्या मामेकाकांनी चेतकचा नंबर लागल्यावर ती एकदाही किक न मारता विकली आणि त्या पैशात मुलीचं लग्न रेटलं. तेव्हा पुढचा मालक आमच्या डोक्यात बसला तो काही उगीच नाही. त्याने आमची लग्नं लावली आहेत.

मॉडेल मुलींच्या भोवती शिडी घेऊन उभ्या असलेल्या छायाचित्रकारांविषयी लिहीत नाही. बायकोही होती.

ज्या दालनात मोठमोठ्या डोळ्यांच्या कार्टून मुलींनी बॉनेटपासून डिकीपर्यंत रंगवलेल्या गाड्या होत्या, तिथे मात्र आम्ही रेंगाळलो. एका जांभळ्या गाडीवर एकच निळ्या केसांची मुलगी चारी बाजूंनी आपल्याकडे बघत होती. मालक पन्नाशीचा. चष्मा, स्वेटर, स्वेटरच्या आत टाय. बँकेत ठेवींच्या खिडकीवर शोभेल असा. हातात पिसांचा झाडू, आणि कुणीही जवळून गेलं की त्या माणसाने उडवलेली, कुणालाच न दिसणारी धूळ तो झटकत होता. भाच्याने त्याला जपानीत काहीतरी विचारलं आणि तो खुलला. बराच बोलला. रोज याच गाडीने कामावर जातो म्हणाला. मी माझ्या साहेबांच्या चेहऱ्याची कल्पना केली.

मग त्याने शिष्टाचार म्हणून मला विचारलं, तुमची गाडी कुठली? मी मोबाइलवर फोटो दाखवला. चंदेरी हॅचबॅक, पार्किंगमध्ये, कव्हर अर्धं उचललेलं. त्याने फोटो मोठा केला. चाकं बघितली. आरसे बघितले. सीटवरचं प्लास्टिक बघितलं तेव्हा त्याच्या तोंडून एक दीर्घ उद्गार निघाला.

“किती वर्षं झाली विचारतोय,” भाचा म्हणाला.

“नऊ.”

“आणि काय काय बदललंस?”

“काही नाही. वायपर.”

भाच्याने हे सांगितलं. त्या गृहस्थाने पिसांचा झाडू काखेत मारला आणि मला असा वाकून नमस्कार केला, की मागची दोन माणसं वळून बघायला लागली. मग तो आणखी एकाला बोलावून घेऊन आला. दोघांनी मिळून फोटो पाहिला. दोघेही वाकले.

“काय झालं रे?”

“त्यांना वाटतंय तू ठरवून असं ठेवलंयस. जुनी गाडी कंपनीतून आली तशीच्या तशी राखणं इथे फार मोठं समजतात. विचारतायत, हा छंद तुला कधीपासून?”

“पिढीजात आहे म्हणावं,” बायको म्हणाली.

शेजारच्या दालनात मोटार-महाविद्यालयांची पोरं होती. यांचं मला सर्वांत अप्रूप वाटलं. वीस-एकवीस वर्षांची मुलंमुली, सगळ्यांना एकाच रंगाचा कारखान्यातला अंगरखा, आणि समोर स्वतः केलेली गाडी: जुनी सेडान कापून मागे ट्रकसारखा हौदा काढलेला. एक मुलगी जोड दाखवत होती. तो जोड दिसत नव्हता, म्हणून तिने माझा हात धरून त्यावरून फिरवला, आणि तरी लागला नाही. तिच्या आंगठ्यापाशी वेल्डिंगच्या ठिणग्यांचे ठिपकेदार डाग होते. आपल्याकडची इंजिनिअरिंगची पोरंही स्पर्धांसाठी रात्ररात्र जागून बग्ग्या बनवतात, त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्यांची बग्गी स्पर्धा संपली की वर्कशॉपच्या मागे गवतात जाते, आणि पोरं कोडिंगला.

एका सायलेन्सर विकणाऱ्या मंडपात मी एक खोका उलटा करून पाहिला. भाच्याने वाचून दाखवलं: हा सायलेन्सर तपासणीत पास होतो, सोबत तसा कागद मिळेल. जपानमध्ये नव्या गाडीची तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी कडक सरकारी तपासणी होते. तिला शाकेन म्हणतात, आणि इथली अर्धी बाजारपेठ ‘शाकेनला चालेल’ या एका शिक्क्यावर उभी आहे. म्हणजे गाडी गुरगुरणार, पण किती गुरगुरायचं हे ठरलेलं, आणि त्याचा दाखला डॅशबोर्डच्या कप्प्यात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून टाकलं, की कंपनीने जशी दिली त्यात मूलभूत बदल करायचा नाही. त्यामुळे आपलं सोपं आहे. गाडीला हात लावायचा नाही. ज्याला लावायचा तो लावतो, रात्री अकरा वाजता बुलेटमधून फटाके फोडतो, आणि मग पोलीस जप्त केलेले सायलेन्सर ओळीत मांडून रोडरोलर फिरवतात, फोटो पेपरात येतो. रोडरोलर चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या फोटोत जे समाधान असतं, ते मी आणखी कुठे पाहिलेलं नाही.

मात्र एका गोष्टीत आपण या जपान्यांना हार जाणार नाही. एका भिंतीवर त्यांच्या सजवलेल्या ट्रकांचे फोटो होते: क्रोमचे मुकुट, शेकडो रंगीत दिवे, मागच्या दारावर लाटा आणि राक्षस. १९७५ साली ‘तोराक्कु यारो’ नावाचा ट्रकड्रायव्हरांवरचा सिनेमा आला आणि ही हौस देशभर पसरली. भाचा मला हे कौतुकाने सांगत होता, आणि मला नाशिक रस्त्यावरचे आपले ट्रक दिसत होते. गोंडे, डोळे, मोर, ‘आई एकविरा प्रसन्न’, आणि ते ‘हॉर्न ओके प्लीज’, ज्याच्यावर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली बंदी घातली आणि जे तरीही तसंच पुढे चाललंय. रिक्षावाला बघा. छताला आरसे, पायाशी निळे दिवे, मागे पोराचं नाव, त्याखाली दुसऱ्या पोराचं, स्पीकर सीटखाली. त्याने कधी विचार केलाय का, की पुढच्या मालकाच्या पोराचं नाव वेगळं असेल? गाडी कुणाची हे आपल्याकडे रिक्षावाल्याला आणि ट्रकवाल्याला पक्कं ठाऊक आहे. कव्हर आपण घालतो.

निघता निघता सुट्या भागांच्या एका टेबलाशी बायको थांबली. टेबलावर आगगाडीतल्या कड्या होत्या. लोकलमध्ये उभं राहून धरायच्या असतात ना, त्याच, पट्ट्यासकट. फक्त जांभळ्या, गुलाबी, काही बदामाच्या आकाराच्या.

“या इथे कशाला?”

भाच्याने सांगितलं ते असं. सत्तर-ऐंशीच्या दशकात मोटारसायकली आणि गाड्या घेऊन रात्री हुंदडणाऱ्या पोरांच्या टोळ्या होत्या. ती पोरं रेल्वेच्या डब्यातून या कड्या चोरायची आणि गाडीच्या मागच्या बंपरखाली लोंबकळत ठेवायची. कडी जितकी रस्त्याला लागेल तितकी गाडी खाली, आणि तितका तुमचा रुबाब. आता कारखाने त्या बनवतात, आणि तीच पोरं, साठीला टेकलेली, विकत घेतात.

मी आयुष्याची निम्मी वर्षं मध्य रेल्वेच्या कडीला लटकून काढली. ती घरी न्यावी असं मला कधी सुचलं नाही. मी एक उचलली. जांभळी.

“हे काढता येतं ना रे?” मी विचारलं. “म्हणजे, उद्या वाटलं तर?”

“हूक आहे नुसता, मामा. एका मिनिटात निघतं.”

घेतली. दुकानदाराने ती पारदर्शक पिशवीत घातली, पावती दोन्ही हातांनी दिली, आणि आम्ही परतीच्या गाडीत शिरलो. बसायला जागा मिळणं शक्यच नव्हतं. मी एका हाताने रेल्वेची कडी धरली, दुसऱ्या हातात पिशवीतली माझी. वाटेत एका स्टेशनवर फलाटावरचा गणवेशातला माणूस दारापाशी आला, त्याने माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग वर माझ्या हाताकडे पाहिलं, आणि मग डब्यातल्या कड्यांच्या रांगेवरून सावकाश नजर फिरवली.

“मामा,” भाचा ओठ न हलवता म्हणाला, “पावती कुठंय?”

पावती बायकोकडे होती. तिने पर्समधून ती काढली, घडी उलगडली, आणि कासाई-रिन्काई येईपर्यंत छातीशी धरून, अक्षरं बाहेरच्या बाजूला करून उभी राहिली.